वजनाची वाट

प्राचीन अवशेषांविषयी जे काही लिहिले जाते, त्यात काळाचा उल्लेख सर्वांत अधिक आणि वजनाचा सर्वांत कमी असतो. पडक्या मंदिरासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात शतकांची मोजणी आपसूक सुरू होते, वैभवाच्या क्षणभंगुरतेचे ठरीव विचार पाठोपाठ येतात, आणि समोरचा दगड, जो कुणीतरी खाणीतून सोडवला, ओढत आणला, उचलला आणि नेमक्या जागी बसवला, तो या विचारांच्या गर्दीत दिसेनासा होतो. वास्तविक बांधणाऱ्यांच्या रोजच्या विवंचनेत शतकांना स्थान नव्हते. त्यांची विवंचना होती भाराची, चढाची, अंतराची आणि पाण्याची. आजच्या पर्यटकाला हे प्रश्न सहसा पडत नाहीत, कारण विमान, आगगाडी आणि वातानुकूलित बस ही साधने मुळात त्याची या प्रश्नांतून सुटका करण्यासाठीच निर्माण झाली आहेत. मोटरहोमने, म्हणजे चाकांवरच्या घराने, केलेला प्रवास मात्र याला अपवाद ठरतो, आणि पश्चिम सिसिलीतील ग्रीक अवशेषांच्या संदर्भात हा अपवाद विशेष बोलका आहे.

मोटरहोम म्हणजे इंजिन, चालकाची जागा, बिछाना, शेगडी, मोरी आणि शौचकूप हे सारे एकाच सांगाड्यावर बसवलेले वाहन. मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनहून ते वेगळे असले, तरी आपल्याकडे दोहोंना सरसकट कॅराव्हॅन म्हटले जाते आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली आणलेले पर्यटन धोरणही याच नावाने ओळखले जाते. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंत वजनाचे वाहन चालवता येते, आणि बहुसंख्य मोटरहोम हीच मर्यादा डोळ्यांपुढे ठेवून बांधली गेली. रिकामी गाडीच तीन टनांच्या आसपास भरत असल्याने उरलेल्या चार-पाचशे किलोंत माणसे, कपडे, गॅस, शिधा, एखादी सायकल आणि पाणी हे सगळे बसवावे लागते. टाकीत १०० लिटर पाणी भरले की त्यातले १०० किलो तिथेच खर्ची पडतात. पूल किती टन पेलतो, गावाच्या वेशीची कमान किती उंच आहे, वळणावर गाडीची पिछाडी किती बाहेर येते, पावसाने भिजलेल्या गवतात चाक रुतेल काय, रात्री गाडी समतल राहावी म्हणून कोणत्या चाकाखाली पाचर सारावी, या गोष्टी नकाशावर सापडत नाहीत. त्या दररोज ठरवाव्या लागतात आणि काही दिवसांतच अंगवळणी पडतात. या सवयीने घडलेली नजर घेऊन जो प्रवासी अवशेषांपाशी पोहोचतो, त्याला तिथे निराळ्याच गोष्टी दिसू लागतात.

सिसिली हे भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे बेट. इ.स.पू. आठव्या शतकापासून ग्रीकांनी त्याच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर वसाहती केल्या, तर पश्चिम टोकाला कार्थेजच्या, म्हणजे आजच्या ट्युनिशियातील फिनिशियन सत्तेच्या, वखारी आणि ठाणी होती. या दोहोंच्या सांध्यावर तीन शहरे येतात. सेजेस्ता हे एलिमियन या स्थानिक लोकांचे डोंगरातले शहर. सेलिनुन्ते ही इ.स.पू. सातव्या शतकात वसलेली सर्वांत पश्चिमेकडची मोठी ग्रीक वसाहत. आणि आग्रिजेंतो, म्हणजे प्राचीन आक्रागास, हे इ.स.पू. ५८० च्या सुमारास जेला या वसाहतीतून आलेल्या लोकांनी वसवलेले संपन्न नगर. पालेर्मोहून निघालेली मोटरहोम महामार्गाने प्रथम सेजेस्ता, मग बेलिचे नदीचे खोरे उतरून सेलिनुन्ते आणि तेथून दक्षिण किनाऱ्याने आग्रिजेंतो असा प्रवास सावकाश करू शकते. नकाशावर हे तीन ठिपके आहेत. परंतु त्यांचा अर्थ बराचसा त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर सांडलेला आहे.

सेजेस्ताचे मंदिर इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. उघड्या टेकाडावर, वस्तीपासून दूर, त्याचे ३६ खांब आजही उभे आहेत, आणि पहिल्या दृष्टीला ते इतके अखंड वाटते की, छप्पर तेवढे कोसळले असावे असा समज होतो. जवळ गेल्यावर हा समज टिकत नाही. ग्रीक खांबांच्या अंगावर ज्या उभ्या पन्हळी कोरलेल्या असतात, त्या येथे एकाही खांबावर नाहीत. या पन्हळी खांब उभा झाल्यावर अखेरीस कोरल्या जात, कारण आधी कोरल्या तर वाहतुकीत त्यांच्या कडा उडण्याची भीती असे. गाभाऱ्याच्या भिंती नाहीत, आणि त्या कधी बांधायच्या होत्या की नाही याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्वांत बोलका पुरावा मात्र पायाशी आहे. मंदिराच्या जोत्याच्या पायऱ्यांवर, दगडांच्या दर्शनी बाजूला, मुठीएवढे ते दोन मुठींएवढे उंचवटे रांगेने राहिलेले दिसतात. दगड उचलताना दोर अडकवण्यासाठी हे उंचवटे मुद्दाम सोडले जात आणि दगड जागेवर बसला की छिन्नीने छाटून टाकले जात. येथे ते छाटायचे राहून गेले. १७८७ च्या एप्रिलमध्ये क्नीप या चित्रकाराला बरोबर घेऊन येथे आलेल्या जर्मन कवी गटेने आपल्या प्रवासवर्णनात नेमकी हीच गोष्ट टिपली आणि तिच्यावरून मंदिर कधीच पूर्ण झाले नव्हते, असा निष्कर्ष काढला. घोड्याखेचरांच्या पाठीवर सामान लादून, वाटेतल्या मुक्कामांची चिंता वाहत फिरणाऱ्या त्या काळच्या प्रवाशाला दोर, ओझे आणि गाठ यांची भाषा परकी नसावी.

हेच सेजेस्ता ग्रीक इतिहासात एका फसवणुकीसाठी प्रसिद्ध आहे. शेजारच्या सेलिनुन्तेशी त्याचे सीमेवरून जुने वैर होते, आणि इ.स.पू. ४१६ च्या सुमारास त्याने अथेन्सकडे मदत मागितली. खर्च उचलण्याची ऐपत पाहायला आलेल्या अथेन्सच्या दूतांना आधी एरिक्सच्या देवळातली चांदीची भांडी दाखवण्यात आली. मग घरोघरी मेजवान्या झाल्या आणि प्रत्येक घरात सोन्यारुप्याचे प्याले मांडलेले दिसले. थ्यूसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, हे प्याले तेच ते होते, शेजारच्या शहरांतून उसने आणलेले आणि एका घरातून दुसऱ्या घरात फिरवलेले. दूत भुलले, इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सचे आरमार सिसिलीवर चालून आले आणि दोन वर्षांत त्याचा पूर्ण विनाश झाला. मग सेजेस्ताने कार्थेजला हाक मारली, आणि त्या हाकेचा परिणाम सेलिनुन्तेला भोगावा लागला. बाहेरून अखंड आणि आतून रिकामे मंदिर या शहराला साजेसेच म्हणावे असा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण छिन्नी हाती धरणाऱ्या पाथरवटांना मुत्सद्द्यांच्या कारस्थानात कुणी विचारले नव्हते.

सेजेस्ताहून दक्षिणेकडे जाताना महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागले की बेलिचेचे खोरे लागते. रस्ता जागोजाग खचलेला, डांबराला लाटा आलेल्या, कडेचे कठडे झुकलेले. जड गाडीला येथे पायी चालणाऱ्याच्या बेताने जावे लागते. १९६८ च्या जानेवारीत, १४ आणि १५ तारखांच्या दरम्यान झालेल्या भूकंपाच्या धक्क्यांनी या खोऱ्यातली जिबेलिनासारखी गावे जमीनदोस्त केली. वाचलेल्यांना वर्षानुवर्षे तात्पुरत्या बराकींत काढावी लागली आणि नवे जिबेलिना जुन्या जागेपासून बरेच दूर वसवण्यात आले. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर चित्रकार आल्बेर्तो बुर्री याने १९८० च्या दशकात एक अजब स्मारक सुरू केले, जे २०१५ मध्ये पुरे झाले. घरांचा राडारोडा जागेवरच ठेवून त्यावर खांद्याएवढ्या उंचीचे पांढऱ्या सिमेंटचे ठोकळे ओतले गेले, आणि त्यांच्यामधून साधारणपणे जुन्या गल्ल्यांच्या रेषेने चालण्यापुरत्या भेगा सोडल्या गेल्या. मराठी वाचकाला येथे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही माणसे मेली ती भूकंपाने जितकी, तितकीच डोक्यावरच्या भाराने: माती-दगडाच्या जाड भिंतींनी आणि उन्हापासून निवारा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थर चढवलेल्या माळवदांनी. तिथेही गावे नव्या जागी गेली. ज्या वजनाने घर थंड आणि भक्कम राहते तेच वजन एका रात्री उलटते, हे खरे असल्याने अवशेषांकडे केवळ सौंदर्याच्या नजरेने पाहणे या खोऱ्यात अवघड जाते.

बहुतेक पर्यटक यानंतर थेट सेलिनुन्तेच्या समुद्रकाठच्या मंदिरांकडे वळतात. वजनाच्या दृष्टीने विचार करणाऱ्याने मात्र आधी उलट दिशेला, कांपोबेल्लो दि माझारा या गावाजवळच्या कावे दि कूझा येथे गेले पाहिजे. ही सेलिनुन्तेच्या मंदिरांसाठी चालवलेली दगडांची खाण, इ.स.पू. सहाव्या शतकापासून ती चालू होती आणि इ.स.पू. ४०९ मध्ये काम थांबले ते पुन्हा सुरू झाले नाही. सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीच्या खडकाच्या पट्टीवर, ऑलिव्हची झाडे आणि रानगवत यांच्यामधून चालताना एका उद्योगाचे सारे टप्पे ओळीने समोर येतात. ग्रीक मंदिराचा मोठा खांब सहसा एकसंध नसतो. जात्याच्या तळ्या एकावर एक ठेवाव्यात तसे दगडाचे गोल खंड रचून तो उभा केला जातो. कूझाच्या खाणीत हे स्तंभखंड घडवले जात. एका ठिकाणी खडकावर नुसतेच वर्तुळ आखलेले आहे, दुसऱ्या ठिकाणी वर्तुळाभोवती हातभर खोल चर खणलेला आहे, आणि पुढे एक खंड चहूबाजूंनी पूर्ण मोकळा होऊन फक्त बुडाशी खडकाला चिकटलेला आहे.

त्या चरात उतरून पाहावे. त्याची रुंदी सुमारे अर्ध्या मीटरची, म्हणजे एका माणसाला अंग चोरून उभे राहता येईल आणि हात मागे घेऊन घाव घालता येईल एवढीच आहे. खंडाच्या अंगावर आणि समोरच्या भिंतीवर तिरप्या, समांतर रेषांच्या पट्ट्या उठलेल्या आहेत. एका पट्टीत रेषा उजवीकडे कललेल्या, तिच्या खालच्या पट्टीत कल थोडा बदललेला. कामगार एका उंचीवर उभा राहून हाताच्या पल्ल्याइतके खोदत असे, मग तळ आणखी खाली नेऊन पुन्हा तेच करत असे, हे या पट्ट्यांवरून समजते. अशा खंडाचा व्यास जवळपास ३ मीटर असतो. उंची २ मीटरच धरली आणि या सच्छिद्र, वालुकामय चुनखडकाच्या एका घनमीटरचे वजन दोन टनांहून थोडे कमी धरले, तरी एक खंड २५ टनांच्या घरात जातो. ज्या गाडीने प्रवासी येथवर आला, तशा सात गाड्या शिगोशीग भरून एकावर एक रचल्या तर हे वजन होईल. आणि एका खांबाला असे अनेक खंड लागत.

हे खंड सेलिनुन्तेपर्यंत कसे नेले जात असावेत याची कल्पना व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाच्या ग्रंथाच्या दहाव्या भागावरून येते. एफिसस येथील आर्टेमिसच्या मंदिरासाठी खांब नेताना खेर्सिफ्रॉन या स्थपतीने गाड्यांवर भरवसा ठेवला नाही, कारण एवढ्या भाराने मऊ जमिनीत चाके रुतून बसतील हे त्याला दिसत होते. त्याने खांबाच्या दोन्ही टोकांत लोखंडी खुंट्या शिसे ओतून पक्क्या केल्या, त्यांच्याभोवती लाकडी चौकट जोडली आणि बैलांकरवी ती ओढली; खांब स्वतःच चाक होऊन गडगडत गेला. याच ठिकाणी व्हिट्रुव्हियस आपल्या काळातील पाकोनियस नावाच्या कंत्राटदाराचीही हकिकत सांगतो. त्याने एका महाकाय पुतळ्याच्या बैठकीसाठी मोठ्या फिरकीसारखे यंत्र केले आणि तिच्यावर गुंडाळलेला एकच दोर बैलांना जोडला. दोर उलगडत जाई तसे यंत्र वाट सोडून एका अंगाला वळे, मग ते मागे आणावे लागे. या ओढाताणीत त्याचे पैसे संपले आणि तो बुडाला. एफिससची खाण मंदिरापासून आठ रोमन मैलांवर, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरवर होती आणि वाट सपाट होती, असे व्हिट्रुव्हियस आवर्जून सांगतो. कूझा ते सेलिनुन्ते हे अंतरही साधारण तेवढेच, आणि प्रदेशही बहुतांशी सपाट. कूझाच्या खंडांच्या टोकांना आढळणाऱ्या चौकोनी खोबणींवरून तेही अशाच काही रीतीने हलवले गेले असावेत, असा तर्क केला जातो. काही खंड वाटेतच पडून राहिले, ही गोष्ट तर तर्काची नाही.

ही वाट मोटरहोमने कापायला पाव तास पुरतो. तरीही रस्त्याचा प्रत्येक हलका चढ इंजिनाच्या आवाजात उमटतो, कोरड्या ओढ्यावरची मोरी ओलांडताना मागच्या कपाटातली भांडी वाजतात, आणि वळणावर समोरून ऑलिव्हची पोती भरलेला ट्रॅक्टर आला की कुणी मागे हटायचे याची मूक वाटाघाट होते. २५ टनांचा दगड बैलांनी ओढत नेताना अशी प्रत्येक मोरी, प्रत्येक चढ आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी हा दिवसभराचा प्रश्न झाला असणार. मंदिर उभारण्याआधी रस्ता उभारावा लागतो, आणि रस्त्याआधी बैलांचा चारा, दोरखंड, लाकूड आणि मजुरांचे धान्य यांची तजवीज करावी लागते, ही साधी गोष्ट या पाव तासात पटते.

सेलिनुन्तेच्या मंदिरांपैकी अनेकांत कोणता देव होता हे निश्चित नसल्याने अभ्यासकांनी त्यांना रोमन लिपीतील अक्षरे दिली आहेत. त्यांपैकी ‘जी’ हे मंदिर सुमारे ११० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद, ग्रीक जगातल्या सर्वांत मोठ्या मंदिरांपैकी एक. आज ते म्हणजे स्तंभखंड, खांबांचे माथे आणि तुळयांचा एक डोंगर आहे, ज्याच्या फटींत अंजीर आणि रानझुडपे वाढली आहेत. बांधकाम इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चालले; पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना खांबांची घडण आणि माथ्यांचा आकार बदलत जातो, कारण काम पुढे सरकेपर्यंत रुची बदलली होती. पन्हळी मोजक्याच खांबांवर कोरल्या गेल्या. म्हणजे ज्या पिढीने पाया घातला तिने कळस पाहिला नाही, आणि ज्या पिढीने तो पाहायचा तिला वेळच मिळाला नाही. शेजारचे ‘ई’ मंदिर १९५६ ते १९५९ या काळात पडलेले मूळ दगड पुन्हा आपापल्या जागी रचून उभे करण्यात आले. या पद्धतीला अ‍ॅनास्टायलोसिस म्हणतात, आणि त्या वेळी वापरलेल्या सिमेंटमुळे तिच्यावर बरीच टीकाही झाली. एक उभे आणि एक पडलेले अशी ही दोन मंदिरे जवळजवळ असल्याने एक फायदा होतो: उभ्या खांबांवरून उंची समजते, वजन समजते ते पडलेल्या खंडांवरून.

इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल, जो दोन शतकांनंतरच्या प्रसिद्ध हॅनिबलहून वेगळा, वेढ्याचे बुरूज आणि तटफोडे ओंडके घेऊन सेलिनुन्तेवर आला. डायोडोरस या सिसिलीतल्याच इतिहासकाराच्या वर्णनानुसार नऊ दिवसांत शहर पडले, १६,००० लोक मारले गेले, ५,००० हून अधिक कैद झाले आणि २,६०० जण आक्रागासला पळून गेले. मंदिरे मात्र त्या दिवसांत कोसळली नाहीत. ती पुढे भूकंपांनी पाडली, असे मानले जाते. माणसांनी शहर संपवले आणि दगडांचा प्रश्न जमिनीने सोडवला. कूझाच्या चरात राहिलेले खंड या दोहोंतून सुटले, कारण ते अजून कुणाच्याच उपयोगाचे झाले नव्हते.

सेलिनुन्तेजवळच्या मारिनेल्ला या कोळ्यांच्या गावात रात्री मोटरहोम उभी करताना इटलीच्या १९९२ च्या वाहतूक कायद्यातले एक कलम लक्षात ठेवावे लागते. त्याच्या १८५ व्या कलमानुसार, जिथे गाडी उभी करायला मुभा आहे तिथे मोटरहोम चाकांखेरीज दुसऱ्या कशानेही जमिनीवर टेकलेली नसेल, सांडपाणी सोडत नसेल आणि स्वतःच्या आकाराबाहेर जागा व्यापत नसेल, तर ते केवळ वाहन थांबवणे ठरते. खाली आधाराचे पाय सोडले किंवा बाहेर छत उलगडले की मुक्काम ठोकणे होते, आणि त्याचे नियम निराळे. कायद्याच्या लेखी घर आणि वाहन यांतला फरक इतकाच, की भार जमिनीवर कसा टेकवला आहे. ज्यांनी खडकापर्यंत खणून पाया भरला आणि त्यावर तीन पायऱ्यांचे जोते चढवले, त्यांचा दावा नेमका याच्या उलट होता. दोन्ही दाव्यांत आपापली ऐट आहे. एकाला कुठेही जाता येते, दुसऱ्याला कुणी हलवू शकत नाही. प्रत्यक्षात पहिल्याला पाणी संपले की नळ शोधत फिरावे लागते, आणि दुसऱ्याला पुढच्या पिढ्यांनी बऱ्यापैकी हलवले.

याचा पुरावा सेलिनुन्तेहून शंभरेक किलोमीटरवरच्या आग्रिजेंतोला मिळतो. इ.स.पू. ४८० मध्ये हिमेराच्या लढाईत ग्रीकांनी कार्थेजचा पराभव केला आणि युद्धकैद्यांची मोठी संख्या आक्रागासच्या वाट्याला आली. काही नागरिकांकडे पाचपाचशे कैदी होते, असे डायोडोरस लिहितो. मोठ्या मंदिरांसाठी दगड काढणे आणि शहराखालचे जलमार्ग खोदणे हे काम त्यांच्याकरवी करून घेतले गेले. ऑलिंपियन झ्यूसचे मंदिर या काळातले. लांबी सुमारे ११२ मीटर, आणि खांबांच्या पन्हळी इतक्या रुंद की त्यात माणसाचे शरीर मावेल. या मंदिराच्या बाह्यभिंतीत, खांबांच्या मधल्या जागी, हात डोक्यामागे दुमडून वरचा भार पेलणाऱ्या साडेसात मीटरहून उंच पुरुषमूर्ती होत्या. मराठी मुलखातल्या यादवकालीन देवळांत खांबांच्या माथ्यावर जे कीचक छत तोलताना दिसतात, त्यांचेच हे अवाढव्य भाईबंद. परंतु कीचक बुटके, गुबगुबीत आणि बरेचदा खुशीत असतात, तर आक्रागासच्या मूर्तींवर भाराचा ताण कोरलेला आहे. त्यांत पराभूत शत्रू दाखवला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. ते खरे असो वा नसो, खाली मंदिर बांधणारे कैदी आणि वर भार पेलणाऱ्या मूर्ती एकाच वेळी तिथे होते, हे नाकारता येत नाही. तुळयांच्या दगडांच्या टोकांवर नालेच्या आकाराच्या खोल खोबणी अजून दिसतात; त्यांतून दोर ओवून दगड वर चढवला जाई.

याच कैद्यांनी खोदलेल्या जलमार्गांचे पाणी शहराच्या पायथ्याशी एका मोठ्या कुंडात आणले जाई. फेअ‍ॅक्स नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली हे काम झाले आणि कुंडाचा परीघ सव्वा किलोमीटरच्या आसपास होता, असे डायोडोरस सांगतो. त्याच्या काळापर्यंत ते गाळाने भरून गेले होते. आज त्या खोलगट जागी कोलिंबेत्रा नावाची संत्र्या-लिंबांची बाग आहे, आणि तिच्या पाटांना जुन्या बोगद्यांतून झिरपणारे पाणी मिळते. टाकीतले शंभर लिटर पाणी दोन दिवस पुरवायची सवय झालेल्या प्रवाशाला या बोगद्यांचे मोल मंदिरांहून चटकन उमगते. मंदिराविना शहर जगू शकले असते, पाण्याविना नाही. आणि अडीच हजार वर्षांनंतर यांपैकी जे अजून आपले काम करत आहे, ते पाणीच आहे.

आक्रागास इ.स.पू. ४०६ मध्ये पडले. झ्यूसच्या मंदिरावर छप्पर चढायचे राहून गेले. पुढे ते ढासळले आणि अठराव्या शतकात त्याचे दगड जवळच्या पोर्तो एम्पेदोक्ले येथील बंदराच्या धक्क्यासाठी नेण्यात आले. शेजारचे काँकॉर्डिया म्हणून ओळखले जाणारे मंदिर वाचले, कारण इ.स. ५९७ मध्ये त्याचे चर्च करण्यात आले. त्यासाठी खांबांमधल्या जागा भिंतींनी बुजवल्या गेल्या आणि गाभाऱ्याच्या दोन्ही भिंतींत कमानी कोरल्या गेल्या. खांबांमधल्या भिंती पुढे काढून टाकण्यात आल्या, पण गाभाऱ्यातल्या कमानी अजून आहेत. ग्रीक मंदिरात कमान ही उपरी; तीच या मंदिराच्या दीर्घायुष्याची खूण आहे. वापरात राहिलेली वास्तू टिकते, वापराबाहेर गेलेली दगडांची खाण बनते, हा नियम पायी जाण्याच्या अंतरात येथे तपासून पाहता येतो.

मोटरहोमच्या प्रवासाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादा झाकू नयेत. सात मीटर लांब गाडी सिसिलीच्या जुन्या गावांच्या गल्ल्यांत शिरू शकत नाही, किनाऱ्यावर अशा गाड्यांच्या रांगा लागल्या की स्थानिकांना समुद्र दिसेनासा होतो, आणि ज्याला शिधा बरोबर घेऊनच फिरायचे आहे तो कास्तेलवेत्रानोच्या काळ्या पावाच्या भट्टीपर्यंत न जाताच बेट सोडण्याची शक्यता असते. शिवाय या प्रवाशाचे ओझे स्वखुशीचे असते आणि ते डिझेल वाहते. ज्यांनी कूझाचे खंड वाहिले, त्यांपैकी किती जण मजुरीवर होते, किती गुलाम होते आणि किती जण आपल्या शहराच्या अभिमानाने राबत होते, हे दगडावरून कळत नाही. कळते ते इतकेच, की एका हाताने किती खोल घाव घातला, एका दिवसाचे काम कुठे संपले आणि दुसऱ्या दिवसाचे कुठून सुरू झाले. ही माहितीही केवळ काम अपुरे राहिल्यामुळे उरली आहे. पूर्ण झालेल्या वास्तूत अखेरचा कारागीर दोर अडकवायचे उंचवटे छाटतो, पन्हळी घासतो, चुन्याचा गिलावा चढवतो आणि आपल्याआधी राबलेल्या सर्वांचा माग पुसून टाकतो. तेच त्याचे कौशल्य असते. सेजेस्ताच्या पायरीवर आणि कूझाच्या चरात तो अखेरचा कारागीर पोहोचलाच नाही. म्हणून पश्चिम सिसिलीत राजे, सेनापती आणि देव यांच्याइतकीच साक्ष मजुरांचीही मिळते, आणि ती ऐकायची तर प्रवाशाने मंदिराच्या दर्शनी बाजूकडून नव्हे, खाणीकडून यावे.